दुसरा आवाज

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या 'माझा छंद' या भाषणमालेतील आपल्या एका ज्येष्ठ सभासदाचे भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मागे उभे आहेत त्यांनी पुढे यायला हरकत नाही. खुर्च्या रिकाम्या आहेत. एजीएमला बसता तसं शेवटच्या रांगेत बसू नका, इथे मेंटेनन्स वाढवण्याचा ठराव नाहीये.

मला 'माझा छंद' या विषयावर बोलायला सांगितलंय. माझ्या आधी बाग, नाणी, ट्रेकिंग सगळं होऊन गेलं. माझा छंद म्हणजे जुन्या कॅसेट. त्यातही अमेरिकेतल्या खेडवळ गाण्यांच्या. कंट्री म्युझिक म्हणतात त्याला. सी-विंगमधल्या लोकांना रविवारी सकाळी माझ्या खिडकीतून जे गिटारचं टणटण ऐकू येतं, ते हेच. इतकी वर्षं कोणी तक्रार केली नाही त्याबद्दल आधी आभार मानतो.

आज मी त्या सगळ्या संगीताबद्दल बोलणार नाही. एकाच बाईबद्दल बोलणार आहे. तिचं नाव बॉनी ओवेन्स. इथे कोणी ऐकलंय? नाही ना? तिकडेही पुष्कळांना चटकन आठवत नाही. कारण ती आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे उभी राहून गायली. मी तिला एकेरी म्हणणार आहे. आपण लता म्हणतो, आशा म्हणतो, तसं.

१९८७ साली आमच्या कंपनीने मला काही महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी कॅलिफोर्नियात पाठवलं होतं. कॅलिफोर्निया म्हटल्यावर ऑफिसात सगळ्यांना हॉलिवूड आठवलं. मी गेलो बेकर्सफिल्डला. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोमीटर. ऊन आपल्या जळगाव-भुसावळसारखं. एका बाजूला कापसाची शेतं, द्राक्षाचे मळे, आणि दुसऱ्या बाजूला तेलाच्या विहिरी. हजारो पंप घोड्यासारखी मान खाली-वर करत उभे असतात. तिथलं तेल काकवीसारखं घट्ट, म्हणून जमिनीत वाफ सोडून ते पातळ करून काढतात. ते शिकायला आम्ही गेलो होतो. त्यावर बोलायला लागलो तर रात्र होईल, म्हणून सोडून देतो.

माझ्याबरोबर काम करणारा एक गृहस्थ होता, तो मला रोज त्याच्या पिक-अप ट्रकमधून साइटवर न्यायचा. गाडीत एकच गायक, मर्ल हॅगार्ड. पहिले आठ दिवस मला ते सगळं सारखंच वाटलं. नवव्या-दहाव्या दिवशी कान बसला आणि लक्षात आलं की अरे, इथे दोन आवाज आहेत. पुरुषाचा आवाज चाल गातोय आणि त्याच्या अंमळ वर एक बाईचा आवाज आहे, पण तो पुढे येत नाही. नीट कान दिला तरच सापडतो. आणि एकदा सापडला की मग मात्र सुटत नाही. मी विचारलं, ही कोण? तो म्हणाला, बॉनी. जसं आपण म्हणू, कोण म्हणजे काय, बॉनी!

आता हा दुसरा आवाज म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण आपल्या शास्त्रीय संगीतात ही गोष्ट त्या अर्थाने नाही. समजा मुख्य गायक षड्जावर आहे, तर दुसरा त्याच वेळी गंधारावर गातो. मुख्य गायक रिषभावर गेला की दुसरा मध्यमावर. शब्द तेच, श्वास तोच, जागा वेगळी. दोघं शेजारी-शेजारी चालल्यासारखे चालतात. याला हार्मनी म्हणतात. गोव्याकडची मंडळी इथे आहेत त्यांना हे सांगायला नको, मांडो असाच दोन आवाजांत गातात. बाकीच्यांसाठी सांगायचं तर पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात ना, ते आठवा. तमाशात सुरते असतात. ते वेगळं काम करतात, हार्मनी नव्हे, पण उभे तिथेच असतात, पाऊलभर मागे. शाहिराचं नाव सगळ्यांना माहीत असतं. झीलकऱ्याचं नाव त्याच्या गावाबाहेर कोणाला माहीत असतं?

हार्मनी गाणाऱ्याचं काम फार अवघड. त्याला मुख्य गायकाच्या तोंडाकडे बघत गावं लागतं. तो शब्द किती लांबवणार, कुठे श्वास घेणार, आज त्याचं मन कुठे आहे, हे आधी कळावं लागतं. स्वतःची हरकत घ्यायची नाही. आवाज त्याच्यावर चढवायचा नाही. आणि चुकलं तर मात्र सगळ्यांना कळतं.

आता बॉनीची गोष्ट. जन्म १ ऑक्टोबर १९२९, ओक्लाहोमा राज्यात. शेती दुसऱ्याची, कष्ट आपले, अशा घरातली. तो काळ मोठा वाईट. मंदी, आणि त्यातच दुष्काळ आणि धुळीची वादळं. हजारो कुटुंबं चंबूगबाळं गाडीवर बांधून पश्चिमेला कॅलिफोर्नियाकडे निघाली. बेकर्सफिल्डच्या आसपास येऊन कापूस वेचायला, तेलाच्या विहिरींवर राबायला लागली. तिथले जुने लोक त्यांना 'ओकी' म्हणून हिणवायचे. येताना त्यांनी आपली गाणी आणली. आपल्याकडे कोकणातून, घाटावरून लोक गिरणीत कामाला आले आणि लालबाग-परळला भजन, शाहिरी, दशावतार घेऊन आले, तसंच. नॅशव्हिलच्या स्टुडिओत व्हायोलिनचे ताफे घालून गाणी गुळगुळीत करत होते, तेव्हा बेकर्सफिल्डच्या दारूच्या गुत्त्यांत विजेच्या गिटारी आणि ड्रम घेऊन ही माणसं खणखणीत वाजवत होती. लोक दिवसभर उन्हात राबून आलेले, त्यांना ऐकू जायला हवं, नाचता यायला हवं. त्यालाच पुढे बेकर्सफिल्डचा बाज म्हणू लागले.

बॉनीचं कुटुंब आधी अ‍ॅरिझोनात गेलं. तिथे स्केटिंगच्या जागी तिला एक मुलगा भेटला. बक ओवेन्स. दोघं रेडिओवर गायला लागले, १९४८ मध्ये लग्न झालं, दोन मुलगे झाले. संसार काही टिकला नाही. १९५१ मध्ये ती मुलांना घेऊन बेकर्सफिल्डला आली. मागोमाग बकही तिथेच आला, पण घर वेगळं. पुढे हा बक फार मोठा झाला. इतका की बीटल्सनी त्याचं गाजलेलं गाणं १९६५ मध्ये स्वतः रेकॉर्ड केलं.

बॉनी काय करत होती? क्लोव्हर क्लब नावाच्या ठिकाणी वेट्रेस होती. हातात ट्रे. टेबलांवर ग्लास ठेवायचे, पैसे घ्यायचे, आणि बँडने हाक मारली की जाऊन एक गाणं गायचं. मग परत ट्रे. मला तिचं हे चित्र फार आवडतं. तिथूनच ती तिथल्या टीव्हीवर गेली, छोट्या कंपनीच्या तबकड्या निघाल्या. आणि तिथे साठच्या दशकाच्या सुरुवातीला मर्ल हॅगार्ड आला.

हा मर्ल म्हणजे पण कादंबरी आहे. आईवडील ओक्लाहोमातून आलेले, मालगाडीच्या जुन्या डब्याचं केलेलं घर, नऊ वर्षांचा असताना वडील गेले, मग पोरगं हाताबाहेर. चोऱ्यामाऱ्या. शेवटी सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात. १९६० मध्ये सुटून आला. गळा सोन्याचा, पण नाव कोणाला माहीत नाही. १९६४ मध्ये त्याची आणि बॉनीची एक द्वंद्वगीताची तबकडी आली. 'जस्ट बिट्वीन द टू ऑफ अस'. देशभराच्या यादीत ती अठ्ठाविसाव्या क्रमांकापर्यंत गेली. त्या वेळी दोघांत माहितीतलं नाव तिचं होतं, हे लक्षात ठेवा. १९६५ मध्ये त्यांनी लग्न केलं.

आणि गंमत बघा. पश्चिम किनाऱ्यावरच्या कंट्री संगीत अकादमीने १९६५ सालचे पहिले पुरस्कार दिले, त्यात सर्वोत्तम गायक बक ओवेन्स, सर्वोत्तम गायिका बॉनी ओवेन्स आणि सर्वोत्तम नवा गायक मर्ल हॅगार्ड. आधीचा नवरा, ती आणि आताचा नवरा. आपल्याकडे असं झालं असतं तर वर्तमानपत्रांना महिनाभर पुरलं असतं.

पण यानंतर काय होतं, ते मला महत्त्वाचं वाटतं. ज्या बाईला त्या वर्षीची सर्वोत्तम गायिका म्हणून पुरस्कार मिळाला, ती हळूहळू एक पाऊल मागे सरकली. तिचे स्वतःचे अल्बम निघत होते, चांगले होते. पण घर होतं, मर्लची आधीच्या लग्नाची चार मुलं होती, त्यांचं बघायचं होतं, आणि मर्लला त्याच्या वर तो आवाज हवा होता. ती त्याच्या बँडमध्ये दुसरा आवाज झाली. यात तिच्यावर अन्याय झाला का? माझ्या सुनेचं मत आहे की झाला. आम्ही यावर वाद घातलेला आहे. मी आधी नाही म्हणायचो. आता इतक्या ठामपणे म्हणत नाही.

तिच्याकडे आणखी एक काम होतं. मर्लला गाणं कुठेही सुचायचं, बसमध्ये, हॉटेलात, मध्यरात्री. आणि तो विसरायचा. तर बॉनी वही-पेन जवळ ठेवायची. तो पुटपुटला की ही लिहून घेणार. 'टुडे आय स्टार्टेड लव्हिंग यू अगेन' हे गाणं १९६८ मध्ये आलं, तेही एका तबकडीच्या मागच्या बाजूला. त्याच्या लेखकांत मर्लबरोबर बॉनीचं नाव आहे, अर्धा हक्क तिचा. त्या वेळी ते गाणं मर्लच्या आवाजात काही गाजलं नाही. पण नंतर इतक्या गायकांनी ते गायलं की आज ते त्याच्या सगळ्यात जास्त गायल्या गेलेल्या गाण्यांपैकी एक आहे. म्हणजे एका माणसाची आठवण सांभाळणं हा त्या बाईचा धंदाच होता म्हणा ना.

१९७८ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. त्याच वर्षी मर्लने एका गायिकेशी लग्न केलं, आणि त्या लग्नात करवली म्हणून उभी कोण? बॉनी. आणि बँडमधली जागा? तीही तिचीच राहिली. संसार संपला, हार्मनी नाही संपली. पुढे वर्षानुवर्षं ती त्या बसमधून फिरत राहिली आणि त्याच्या उजव्या-डाव्या हाताला उभी राहून गात राहिली. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. त्या १९८७ च्या मुक्कामात ट्रकवाला मित्र मला एका कार्यक्रमाला घेऊन गेला, तेव्हा मी फक्त एक पन्नाशी ओलांडलेली, हसऱ्या चेहऱ्याची बाई पाहिली. पाऊलभर मागे, वेगळा माइक. तिची नजर सगळा वेळ त्याच्या तोंडाकडे. लोक ओरडत होते मर्लसाठी, पण तिची ओळख करून दिली तेव्हा जो आवाज झाला तो निराळा होता. घरच्या माणसासाठी होतो तसा.

मग आयुष्याच्या शेवटी तिला अल्झायमर झाला.

मला हे उशिरा कळलं. २००६ मध्ये मार्च महिन्याच्या २५ तारखेला बक ओवेन्स गेला. आदल्या रात्री त्याला बरं वाटत नव्हतं, कार्यक्रम न करता घरी निघाला होता, पण लांबून ओरेगॉनहून काही चाहते त्याला ऐकायला आलेले भेटले म्हणून मागे फिरला, गायला, घरी गेला आणि झोपेतच गेला. आणि बरोबर महिनाभराने, २४ एप्रिलला, बेकर्सफिल्डमध्येच बॉनी गेली. शहात्तर वर्षांची होती. मुलाने मला अमेरिकेतून बातमीचं कात्रण पाठवलं होतं. त्यात अल्झायमर हा शब्द होता. मी ते कात्रण कॅसेटच्या खोक्यात ठेवून दिलं. त्या वेळी मला त्या शब्दाचा अर्थ तुमच्याइतकाच माहीत होता. म्हणजे म्हातारपणी विसरतात, तेच.

मी विचार करायचो की जिने दुसऱ्याची सगळी गाणी लक्षात ठेवली, तिच्याच डोक्यातून ती जावीत? तर अलीकडे थोडं वाचलं, डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर मंडळी इथे आहेत, चुकलं तर सांगा. या आजारात सुरुवातीला मेंदूचा जो भाग पोखरला जातो तो नवीन आठवणी साठवण्याचा. म्हणून सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही आणि शाळेतल्या बाई आठवतात. पण फार पूर्वी मुरलेली गाणी जिथे राहतात, तो भाग उशिरापर्यंत बऱ्यापैकी शाबूत राहतो असं दिसतं. जर्मनीत लायप्झिगच्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मेंदूची चित्रं काढून हे दाखवलं. सायकल कशी चालवायची हे जसं हातापायाला माहीत असतं, तसंच काहीसं गाण्याचं.

ग्लेन कॅम्पबेल हे नाव काहींना माहीत असेल. फार मोठा गायक, गिटारवादक. पण तोही तरुणपणी दुसऱ्याच्या मागे उभा राहिलेला, बीच बॉइज नावाच्या बँडबरोबर १९६४-६५ मध्ये दौऱ्यावर उंच पट्टीची हार्मनी गायचा. २०११ मध्ये त्याने जाहीर सांगितलं की मला अल्झायमर आहे. आणि मग निरोपाचा दौरा काढला. १५१ कार्यक्रम केले. शब्द समोर पडद्यावर लिहून यायचे. मुलगी बँजो घेऊन शेजारी, मुलं बँडमध्ये. कधी एकच गाणं लागोपाठ दोनदा सुरू करायचा. पण बोटं गिटारवर पडली की चुकत नव्हती. लोकांना माहीत होतं आपण काय बघतोय. तरी तिकीट काढून येत होते, आणि तो शब्द विसरला की सगळं थिएटर गायचं. २०१७ मध्ये तो गेला.

कॅम्पबेलकडे बघून मला एक गोष्ट कळली, आणि ती बॉनीबद्दलच्या माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. अशा माणसाला गाणं सुरू करणं फार जड जातं. कोणतं गायचं, कुठून उचलायचं, पहिला शब्द कोणता, हे सगळं विस्कटलेल्या डोक्याचं काम. पण दुसऱ्या कोणी सुरू केलं की त्यात शिरणं त्याला जमतं. पुष्कळदा नुसतं जमत नाही, उत्तम जमतं. मग मला वाटतं, जिने जन्मभर दुसऱ्याने सुरू केलेल्या गाण्यात शिरण्याचंच काम केलं, तिला शेवटी कोणी गाऊन दाखवलं असेल, तर ती बरोबर आपल्या गंधारावर जाऊन बसली असेल. हा माझा तर्क आहे, मी काही तिथे नव्हतो.

आता मी जे सांगणार आहे ते भाषणाच्या कागदावर नव्हतं. काल रात्री आमच्या दोघांचं ठरलं, म्हणजे मी विचारलं आणि सौ. हो म्हणाली. तिसऱ्या रांगेत बसली आहे. तुम्ही तिला काकू म्हणून ओळखता. गणपतीत आरतीला जी वरच्या आवाजात म्हणते, भजनी मंडळात जी पहिल्या ओळीत कधी बसत नाही, ती. गेल्या दोन वर्षांपासून तिला हा आजार आहे.

आम्ही कोणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? लाज वाटली, दुसरं काय. मधुमेह झाला की आपण लिफ्टमध्ये सांगतो, साखर किती वाढली तेही सांगतो. हे सांगता येत नाही. कोणी विचारलं की मी म्हणायचो, जरा थकवा आहे. भजनाला यायचं बंद केलं तेव्हा गुडघ्याचं कारण दिलं. गुडघे तिचे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

एका दुकानात, आपल्या भागातलं नाही, तिने एकाच वस्तूचे दोनदा पैसे दिले, मग पुन्हा पर्स उघडली. मागच्या रांगेतल्या कोणीतरी काहीतरी म्हटलं, लोक हसले. ती घरी येऊन मला म्हणाली, मी काहीतरी चुकीचं केलं, पण काय केलं ते आठवत नाही. त्या दिवशी मला वाटलं की लपवून मी तिला वाचवत नाहीये. मी फक्त तिला एकटं पाडतोय.

मंडळी, रडू नका. मी रडवायला उभा राहिलेलो नाही. मला तुमच्याकडून थोडी कामं हवी आहेत.

पहिलं. दुपारी तीन-साडेतीनला तुमची बेल वाजली आणि दारात काकू उभी असेल, तर 'काकू, तुमचं घर वरच्या मजल्यावर' असं सांगून दार लावू नका. आमचे सगळे मजले सारखे, सगळे दरवाजे सारखे, बिल्डरने तेवढी काटकसर केली आहे. तिला आत बोलवा, पाणी द्या, मला फोन करा. किंवा तिच्याबरोबर जिन्याने वर या. वॉचमनला मी सांगितलंय, आता तुम्हालाही सांगितलं.

दुसरं. 'मला ओळखलं का?' असं विचारू नका. आपण प्रेमाने विचारतो, पण ती परीक्षा होते, आणि ती दर वेळी नापास होते. सरळ आपलं नाव सांगा. 'काकू, मी बी-विंगमधली अमुक.' बास.

तिसरं गाण्याबद्दल. या वर्षी गणपतीत पहिल्या दिवशी मी तिला आणायला भ्यायलो होतो. मग सहाव्या दिवशी आणलं. ती मागे उभी होती, कोणाकडे लक्ष नव्हतं. आरती सुरू झाली, आणि दुसऱ्या ओळीला तिचा आवाज वर चढला. बरोबर जिथे चढायचा तिथे. एक शब्द चुकला नाही. तुमच्यापैकी काही जणांनी मागे वळून बघितलं, मला आठवतंय. आरती संपल्यावर तिने मला विचारलं, कसला कार्यक्रम आहे? तेव्हा हे औषध आहे असं मी म्हणत नाही. गाणं संपतं आणि धुकं परत येतं. पण ती पाच मिनिटं ती होती, पूर्ण होती. भजनी मंडळातल्या वहिनींना माझी विनंती आहे, मंगळवारी तिला घेऊन जा. तिला 'तुम्ही एखादं म्हणा' असं सांगू नका, ते तिला होणार नाही. तुम्ही सुरू करा. आणि मधेच थांबू नका.

आणखी एक, हे सगळ्यांसाठी. विसरायला लागलं की लगेच हाच आजार असं समजू नका. बी-१२ कमी असणं, थायरॉईड, मनाचा उदासपणा, एखादं औषध, यांनीही विसरायला होतं आणि ते बरं होऊ शकतं. म्हणून डॉक्टरकडे लवकर जा. आम्ही आठ-दहा महिने घालवले. आपल्या देशात साठीच्या पुढच्यांपैकी साधारण ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा २०२३ मधल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे आपल्या चार विंगमध्ये आम्ही एकटे असू, असं मला वाटत नाही. कोणाला माझ्याशी बोलायचं असेल तर संध्याकाळी सात नंतर मी गच्चीवर असतो. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तो आकडा मी नोटीस बोर्डावर लावला आहे, वॉटर टँकर बिलाच्या शेजारी. कृपा करून त्यावर दुसरी नोटीस लावू नका.

मी तिला बॉनीची गोष्ट सांगितली आहे. बऱ्याचदा. दर वेळी ती पहिल्यांदाच ऐकते, हा एक फायदा. करवलीचा भाग आला की दर वेळी तितकीच हसते. मागच्या आठवड्यात मात्र तिने मधेच विचारलं, 'तिला कोणी सांगितलं का, की तुझ्याशिवाय ते गाणं अर्धं होतं म्हणून?' मला उत्तर देता आलं नाही. मर्ल हॅगार्ड २०१६ मध्ये गेला, त्याच्या एकोणऐंशीव्या वाढदिवशी. शेवटपर्यंत गात होता.

बोलायला मला अर्धा तास दिला होता, तो संपत आला. कॅसेट आणली आहे. प्लेअर जुना आहे, सुरुवातीला जरा खरखर होईल. मर्लचा आवाज तुम्हाला लगेच ऐकू येईल, तो सोडून द्या. त्याच्या थोडं वर कान लावा. पहिल्या कडव्यात सापडणार नाही, दुसऱ्यात सापडेल.

सेक्रेटरी, तेवढा पंखा बंद करा हो, आवाज येतो त्याचा.